गोळी सोडली, कॅप्सूल धरली

प्रश्न : मी ६१ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. आमच्या घरात आजीपासून पायांचा आजार आहे. आजीला गावात ‘बगळ्याच्या पायांची’ म्हणायचे. वडिलांची पावलं तशीच, माझीही तशीच. चाळिशीत पुण्याला तपासण्या झाल्या तेव्हा नाव कळलं : शार्को-मारी-टूथ, प्रकार १-ए. आठ महिन्यांपूर्वी छातीत दुखलं, एक स्टेंट बसला. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन ४०. अडीच-तीन महिन्यांनी मांड्या भरून येऊ लागल्या, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो. उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहते. माझा भाचा बंगळुरूला असतो. त्याने इंटरनेटवर पाहून सांगितलं, की स्टॅटिन नसांना मारक असतं आणि आमच्या आजारात टाळायच्या औषधांच्या यादीत आहे. पाच आठवड्यांपूर्वी मी गोळी बंद केली. त्याऐवजी भाच्याने पाठवलेल्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल घेते, रोज दोन. त्या पूर्ण नैसर्गिक आहेत, त्यांचा काही त्रास नाही. मांड्या आता जरा हलक्या वाटतात, चप्पल मात्र निसटतेच. हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही, रागावतील. मुलगा ३३ वर्षांचा आहे, त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलंय. तो म्हणतो, आईचं पाहिलं, मी ही गोळी घेणार नाही. माझं चुकलं का?

ता. क. कानातल्या कुड्यांची फिरकी हल्ली मला लावता येत नाही. तेही त्या गोळीमुळेच का?

उत्तर :

नमस्कार बाई,

‘बाई’ म्हणतो, कारण पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला मॅडम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

उत्तराआधी मलाच एक विचारायचंय. बंद केली ती फक्त रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी ना? रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही चालू आहेत ना? पत्रात ते स्पष्ट नाही आणि मला तिथेच धडकी भरली. स्टेंटमध्ये गुठळी धरू नये म्हणून त्या असतात. मनाने सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. त्याही सोडल्या असतील तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना फोन लावा. चालू असतील तर चहा टाका आणि सावकाश वाचा.

आता त्या कॅप्सूल. बाई, तुम्ही स्टॅटिन सोडलेलीच नाही. एक सोडून दुसरी धरली आहे.

लाल यीस्ट तांदूळ म्हणजे भातावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून केलेला लालभडक पदार्थ. चीन-जपानकडे तो शेकडो वर्षं खाण्यात आहे. त्या बुरशीत मोनॅकोलिन-के नावाचं द्रव्य तयार होतं. मोनॅकोलिन-के आणि लोव्हास्टॅटिन ही एकाच रसायनाची दोन नावं. लोव्हास्टॅटिन म्हणजे १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेली, औषधाच्या दुकानात पोचलेली पहिली स्टॅटिन. खरं तर या औषधांची गोष्ट सुरूच तांदळापासून होते. जपानच्या अकिरा एंडो यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. त्यातल्या ज्या निळसर-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन हाती लागलं, ती क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेली होती. पुढे १९७९ मध्ये मोनॅकोलिन-के सुद्धा त्यांनीच शोधलं. तेव्हा तुमच्या डबीवर ‘पूर्ण नैसर्गिक’ छापलंय ते खोटं नाही. पण धोतराही नैसर्गिकच असतो.

गोळीत औषध किती हे ठरलेलं असतं. या कॅप्सूलचं तसं नाही, एका डबीत नावापुरतं असेल तर दुसरीत औषधाच्या डोसाइतकं. शिवाय बुरशी नीट सांभाळून वाढवली नाही तर तिच्यात सिट्रिनिन नावाचं, मूत्रपिंडाला घातक द्रव्य उतरतं. २०२४ मध्ये जपानमध्येच लाल यीस्टच्या पूरक गोळ्यांत दुसऱ्याच एका बुरशीचं विष उतरलं, त्या खाऊन लोकांची मूत्रपिंडं बिघडली आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. कॅप्सूल आजपासून बंद. भाच्यावर रागावू नका, त्याने मायेनेच पाठवल्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं : ‘त्यांचा काही त्रास नाही.’ स्टॅटिन म्हणून घेतली तेव्हा मांड्या भरून आल्या, तांदूळ म्हणून घेतली तेव्हा नाही. कॅप्सूलमधला डोस कमी असेल, ही एक शक्यता. दुसरी शक्यता सांगतो, पण आधी ऐकून घ्या, दुखणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी, स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून गोळी सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला वर्षभराच्या १२ बाटल्या दिल्या. चार महिने खरी स्टॅटिन, चार महिने हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, चार महिने रिकामी बाटली. कुठल्या गोळीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. रोज फोनवर त्रासाला शंभरापैकी गुण द्यायचे. २०२० मध्ये आकडे आले. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४. दुखत होतं सगळ्यांना, पण त्यातलं बहुतेक दुखणं ‘आपण ती गोळी घेतोय’ या जाणिवेतून येत होतं. मी स्वतः रोसुव्हास्टॅटिन घेतो. पहिल्या महिन्यात माझी पोटरी इतकी दुखली की गोळीचं पाकीट फेकायला निघालो होतो. मग आठवलं, त्याच आठवड्यात नवे बूट घेतले होते.

पण तुमच्या पायांना मुळातच आजार आहे, त्यामुळे हा लंडनचा प्रयोग तुमच्यावर जसाच्या तसा लादणार नाही. भाच्याच्या शंकेला नीट उत्तर द्यायला हवं.

घोळाची सुरुवात आपल्या ‘नस’ या शब्दापासून होते. सुई टोचायला नस सापडत नाही, ती शीर. मानेची नस दबली, तो मज्जातंतू. रात्री पोटरीत नस चढली, तो स्नायू. हृदयाच्या नसेत ब्लॉक, ती रोहिणी. चार वेगळ्या वस्तू आणि शब्द एक. तुमच्या घरात ‘नसांची गोळी’ आणि ‘नसांना मारक गोळी’ हे एकाच गोळीबद्दल बोललं जात असेल, तर तुम्हाला काय वाटत असेल याची कल्पना येते. स्टॅटिन काम करते ती रोहिणीसाठी, म्हणजे नळीसाठी. तुमचा घरचा आजार आहे तो मज्जातंतूचा, म्हणजे वायरीचा.

वायरीला वेष्टन असतं. १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर पीएमपी-२२ नावाचं जनुक आहे. माणसाकडे त्याच्या दोन प्रती असतात, तुमच्या प्रकारात तीन. त्या जादा प्रतीमुळे वेष्टन बिघडत जातं आणि संदेश हळू जातो. हाताच्या मज्जातंतूत संदेश एरवी सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. तुमच्या प्रकारात तो ३८ च्या खाली असतो, बऱ्याचदा २० च्या आसपास. तुमच्या पुण्याच्या जुन्या फाइलमध्ये हा आकडा असेल, ती शोधून ठेवा, पुढे लागणार आहे. तार जितकी लांब तितका बिघाड आधी दिसतो, म्हणून सुरुवात पावलांपासून होते आणि हातांची पाळी नंतर येते. १८८६ मध्ये पॅरिसचे शार्को आणि मारी यांनी आणि इंग्लंडच्या टूथ यांनी याचं वर्णन केलं. या टूथचा दाताशी काडीचा संबंध नाही, आणि वेष्टन बनवणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात त्याचा कुत्र्याशी नाही, तेही एका जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव. या आजाराला नावंच अशी मिळाली आहेत की रुग्णाने सांगितलं तर समोरचा हसतो.

भाच्याची शंका बावळट नाही. त्या वेष्टनात कोलेस्टेरॉल भरपूर असतं. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी आधीच विरलेल्या वेष्टनाला आणखी विरवेल का, हा सरळ प्रश्न आहे. पण स्टॅटिन मुख्यतः यकृतात काम करते आणि श्वान पेशी आपल्याला लागणारं कोलेस्टेरॉल बरंचसं स्वतः तयार करतात. लोकांचा अभ्यास काय सांगतो? डेन्मार्कमध्ये २००२ साली कारण न सापडलेल्या मज्जातंतूविकाराचे १६६ रुग्ण तपासले, त्यात स्टॅटिन घेणारे अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. भीती तिथून पसरली. २०१७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी जास्त, म्हणजे ३७० रुग्ण घेऊन तोच हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा संबंध दिसला नाही. पहिली बातमी जगभर गेली, दुसरी भाच्यापर्यंत पोचली नाही.

आणि ती यादी. शार्को-मारी-टूथच्या रुग्णांसाठी डॉक्टर जी औषधांची यादी वापरतात तिला पायऱ्या आहेत. सगळ्यात वर, नक्की घातक म्हणून, विन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध. काही मुलांना ल्युकेमियासाठी ते दिल्यावर हातपाय एकदम गेले आणि त्यानंतर घरातला हा आजार उघडकीला आला, असंही घडलंय. स्टॅटिन बरीच खालच्या पायरीवर आहे, ‘धोका अनिश्चित किंवा किरकोळ’ या गटात. तुमचा आजार असलेल्यांना स्टॅटिन देऊन केलेली मोठी चाचणी मात्र नाही, हेही खरं. म्हणून मी ‘शून्य धोका’ असं लिहून देणार नाही. समोरच्या पारड्यात काय आहे ते पाहा. उत्तर युरोपात हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे आकडे १९९४ मध्ये आले. सुमारे साडेपाच वर्षांत पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. दोन्ही गटांत माणसं जवळपास सारखीच होती. स्टेंट बसलेल्या बाईला मी त्या खालच्या पायरीसाठी हे पारडं सोडून द्यायला सांगणार नाही.

मांडी आणि चप्पल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि तुम्ही स्वतःच पत्रात ती वेगळी करून दिली आहेत.

स्टॅटिनचा स्नायूंना त्रास होतो तेव्हा तो सहसा मोठ्या स्नायूंना होतो. मांड्या, कुल्ले, खांदे, पोटऱ्या, आणि दोन्ही बाजूंना सारखा. गोळी सुरू झाल्यापासून काही आठवडे-महिन्यांत येतो आणि थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. पाटावरून उठताना हात टेकणं, अडीच-तीन महिने, गोळी थांबवल्यावर हलकं वाटणं. हे वर्णन जुळतं, तेव्हा लंडनच्या आकड्यांकडे बोट दाखवून मी ते झटकणार नाही. वंशाने आलेला आजार मात्र बोटांकडून वर चढतो, वर्षांच्या हिशोबाने. घोट्यातून पाऊल उचललं न जाणं हे त्याचं काम. चप्पल निसटते ती मांडीमुळे नाही, पाऊल लोंबतं म्हणून. आता आठ महिन्यांतच ते एवढं का वाढलं? स्टेंटनंतर तुम्ही चालणं किती कमी केलंत ते आठवा. घरातल्या सगळ्यांनी ‘बस, आराम कर’ म्हटलं असणार. निरोगी माणसाचा पाय सहा महिने बसून सुस्तावतो, तुमच्या पायाकडे तर शिल्लक मुळात थोडी.

हृदयाच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जा. रागावले तर ऐकून घ्या, पण कॅप्सूलचं सांगितल्याशिवाय उठू नका. कोलेस्टेरॉलच्या तपासणीबरोबर सीपीके (स्नायू दुखावले की रक्तात वाढतं ते), थायरॉइडची टीएसएच, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी मागा. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि मांड्याही दुखतात, आणि मग सगळी शिक्षा उगाच स्टॅटिनला होते. सीपीकेचं एक लक्षात ठेवा. तुमच्या आजारात ते एरवीही किंचित वाढलेलं असू शकतं, म्हणून आत्ताचा आकडा हा तुमचा घरचा आकडा समजा. आदल्या दिवशी दंडात इंजेक्शन किंवा जोराचा व्यायाम नको, आकडा फसवतो. दुपटीपर्यंत वाढला म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका, दहापट वाढला तर गोळी लगेच थांबते. आणि मांड्या एकाएकी लुळ्या पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. हे क्वचित होतं, पण होतं.

आणखी एक आठवून पाहा. या आठ महिन्यांत गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल घेतल्या होत्या का? घसा किंवा छाती भरली म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन? गजकर्णाची साथ आपल्याकडे इतकी बोकाळली आहे की महिना-महिना इट्राकोनाझोल घेणारी माणसं रोज दिसतात, आणि त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्यांचं कोणी सांगत नाही. ही औषधं अॅटोरव्हास्टॅटिनला शरीरात तुंबवून ठेवतात. गोळी ४० ची, पण रक्तात त्याहून कितीतरी जास्त. तुमच्या त्या कॅप्सूलमधल्या लोव्हास्टॅटिनबरोबर तर इट्राकोनाझोल अजिबात चालत नाही.

डॉक्टर बहुधा तीच गोळी त्याच डोसात पुन्हा देणार नाहीत. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल फक्त आणखी सहाएक टक्के उतरतं. बहुतेक काम पहिल्या लहान डोसातच होतं. म्हणून वेगळी स्टॅटिन, समजा रोसुव्हास्टॅटिन ५, आणि जोडीला आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारी एझेटिमाइब, असा मार्ग निघतो. एझेटिमाइब स्टॅटिन नाही, ती आणखी वीसएक टक्के उतरवते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये घातलेल्या नियमांप्रमाणे तुमच्यासारख्यांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. तेवढ्यानेही जमलं नाही तर बेंपेडोइक अॅसिड आहे. ते यकृतात गेल्यावरच जागं होतं, स्नायूत ते जागं करणारी यंत्रणाच नाही. त्याने युरिक अॅसिड मात्र वाढतं. वाढलं, सांधा सुजला आणि कोणी कोल्चिसिन लिहून दिलं तर तिथे थांबा. कोल्चिसिन तुमच्या यादीत स्टॅटिनपेक्षा वरच्या पायरीवर आहे.

त्या यादीतलं खरं कामाचं असं एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा : आजाराचं नाव आणि प्रकार, खाली विन्क्रिस्टिन, हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात ते अॅमिओडॅरोन, लघवीच्या संसर्गासाठीचं नायट्रोफ्युरँटॉइन, कोल्चिसिन, मेट्रोनिडॅझोल. जुलाबासाठी पाच दिवस मेट्रोनिडॅझोल घेतलं तर आकाश कोसळत नाही, लांबवर घ्यायचं नाही. आणि औषधाच्या दुकानात ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून हातावर टिकवतात त्या गोळ्या मनाने घेऊ नका. बी-६ जास्त झालं तर ते स्वतःच मज्जातंतू बिघडवतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. काही गोळ्यांत एकीतच त्याच्या कित्येक पट असतं. साखर काठावर असेल तर तीही सांभाळा. या आजारावर मधुमेह चढला की पाय आणखी वेगाने बिघडतात. स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, हे लपवत नाही.

नवी गोळी सुरू झाली की कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहिता, त्याच चौकोनात मांडीच्या दुखण्याला दहापैकी गुण लिहा. रविवारी हात छातीवर घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसा आणि किती सेकंद लागले ते लिहा. महिनाभराने डॉक्टरांपुढे ते पान ठेवा. तुमच्या शब्दापेक्षा आणि माझ्या शब्दापेक्षा त्या पानाला जास्त वजन असेल.

मुलाबद्दल. आईला ६५ च्या आत हृदयविकार झाला म्हणजे त्याच्या खात्यावर आधीच एक खूण पडली, त्यात एलडीएल १६८. ‘आईचं पाहिलं’ म्हणतो, तर आईने गुपचूप दुसरी स्टॅटिन घेतली आणि काही झालं नाही, हेही त्याने पाहावं. आजाराच्या जनुकाची ती तिसरी प्रत त्याच्याकडे उतरण्याची शक्यता अर्धी आहे. पावलांची कमान, वाकडी बोटं, वारंवार मुरगळणारे घोटे पाहून मज्जातंतूंचे डॉक्टर बरंच सांगतील. जनुकाची चाचणी करायची की नाही हे मोठ्या माणसाने स्वतः ठरवायचं, आईने पाकीट भरून पाठवायचं नाही. उद्या कुठल्याही कारणाने रुग्णालयात गेला तर घरात हा आजार आहे एवढं मात्र त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

चप्पल बदला. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. पाऊल उचलून धरणारा हलका प्लॅस्टिकचा आधार मिळतो, एएफओ म्हणतात त्याला. तो मापाने बनवून घ्या, तयार विकत आणलेला टाचेला घासतो. तुम्हाला टोचल्याचं उशिरा कळतं, म्हणून रोज रात्री तळवे उजेडात पाहायचे. आणि कोणी ‘आराम कर’ म्हटलं तर माझं नाव सांगा. दिवसातून दोनदा सपाट रस्त्यावर, थकवा येण्याआधी परत फिरायचं.

कुड्यांची फिरकी गोळीमुळे नाही, तो मूळ आजार हातांपर्यंत आलाय. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला फुगीर भाग बसलाय का ते आरशाशिवाय दिसेल, दोन्ही हात उजेडात शेजारी धरून पाहा. बटणं, किल्ली, पेनाची पकड यांचंही जड जात असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मंडळी असतात, त्यांच्याकडे या छोट्या अडचणींवर खूप युक्त्या असतात. तोवर सोनाराकडे जाऊन फिरकी काढून मागे आकडा बसवून घ्या. कुड्या मोडायच्या नाहीत, आजीच्या असतील तर मुळीच नाही.